डाव्या कुशीतला खिसा

“इथे दुखतंय?”

डॉक्टरांनी बेंबीच्या डाव्या बाजूला चार बोटं रुतवली. लवू टेबलावर उताणा पडून छताकडे बघत होता आणि अगदी मनापासून दुखणं शोधत होता. अडीच तासांपूर्वी ते तिथेच होतं. देवगडच्या घरात तो जमिनीवर गडबडा लोळला होता, दोनदा ओकला होता. आनंदीने, म्हणजे त्याच्या बायकोने, शेजारच्या दोघांना हाका मारून त्याला भाड्याच्या जीपमध्ये घातलं होतं. जामसंडे मागे पडलं तेव्हा तो टॉवेल दातांत धरून बसला होता. पुढे शिरगावच्या वळणांवर जीप अशी काही उधळली की बरोबर आलेल्या शेजाऱ्याने ड्रायव्हरचा उद्धार केला. आणि तिथेच, त्या खड्ड्यांत कुठेतरी, लवूच्या पोटात काहीतरी सुटल्यासारखं झालं आणि कळ गेली. कमी झाली असं नाही, साफ गेली. नांदगाव तिठ्यावर तर त्याला भूक लागली होती.

“नाही,” लवू म्हणाला.

“इथे?”

“नाही.”

“मग कणकवलीपर्यंत आलात कशाला?”

याला काय उत्तर द्यायचं? आपल्या भाषेत त्याने बरंच काही सांगितलं असतं, पण डॉक्टरसमोर शुद्ध बोलायची सवय, आणि शुद्ध मराठीत लवूकडे दुखण्याचे शब्दच मोजके होते. “येताना खूप होतं,” एवढंच तो पुटपुटला. डॉक्टरांनी पोटावरून हात काढला, गॅसच्या गोळ्या लिहून दिल्या, टेन्शन घेऊ नका म्हणाले. आनंदी दाराशी प्लास्टिकची पिशवी पोटाशी धरून उभी होती. पिशवीत आतापर्यंतचे सगळे रिपोर्ट होते. डॉक्टरांनी ती उघडायलाही सांगितली नाही.

ही त्याची अशी अकरावी फेरी. सन दोन हजार पाच, दिवाळी नुकतीच झालेली. इतर लोकांची दुखणी डॉक्टरला बघून वाढतात, चार माणसं जमली की कण्हणं चढतं. लवूचं दुखणं मात्र जन्माचं भिडस्त. घरात, धक्क्यावर, भर समुद्रात ते त्याला उभं चिरायचं, आणि पांढरा कोट दिसायच्या आत पळून जायचं. लवूला आताशा कळेपेक्षा ती जाण्याचाच जास्त संताप यायचा.

पोट तसं त्याचं लहानपणापासून दुखायचं. पण पोटात दुखणारं पोर कोणाच्या घरात नसतं? ओवा चावायला दिला, एरंडेल पाजलं, की आई आपल्या कामाला लागायची. वडील लवकर गेले. सहा वर्षांनी मोठ्या गुरुदासनेच त्याला वाढवलं, पोहायला शिकवलं, आणि स्वतःची लाँच झाली तेव्हा पहिला खलाशी म्हणून धाकट्या भावालाच घेतलं. पुढे गुरुदासचे गुडघे धरायला लागले, तेव्हा त्याने सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं, की पुढच्या सीझनला लाँचीवर तांडेल लवूच. तांडेल म्हणजे लाँचीचा म्होरक्या. कुठे जायचं, जाळं कधी टाकायचं, हे सगळं त्याच्या शब्दावर. लवू तेव्हा चौतिशीत होता आणि त्याला दुसरं काहीही नको होतं.

अठ्ठ्याण्णव साली घात झाला. बांगड्याची रास लागली होती. जाळं टाकून सगळे लाँचीवर जेवले, आमटीभात, जसा खलाशी जेवतो तसा ढीगभर. अर्ध्या तासात लवू वाकडातिकडा होऊन पडला. गुरुदासने जाळं अर्ध्यावर ओढायला लावलं आणि लाँच फिरवली. भाऊच तो. पण बंदराच्या तोंडाशी लाटा आडव्या येतात, तिथे लाँच दोन्ही अंगांवर हेलकावली, आणि लवूची कळ गेली. धक्क्यावर तो स्वतःच्या पायांनी उतरला. संध्याकाळी बाकीच्या लाँची माशांनी भरून, पाण्यात काठोकाठ बुडून आल्या, आणि लवू धक्क्यावर चांगला उभा राहून त्या बघत होता.

त्याच सीझनमध्ये असं पुन्हा दोनदा झालं. तिसऱ्या वेळी गुरुदासने लाँच फिरवली नाही. लवू बर्फाच्या खोक्यांमध्ये सात तास तळमळला. शेवटी हातापायांवर ओणवा होऊन डोकं खाली घातलं तेव्हा कुठे ती गाठ सुटली. परत आल्यावर, जाळी उतरवणारे, मासे न्यायला आलेल्या बायका, असे पन्नास लोक ऐकत असताना गुरुदास म्हणाला, “पोटात कायेक नाय रे तुझ्या. आंगात आळस भरलो आसा. उद्यापासून येव नको.”

झालं. तांडेल झाला सत्यवान, लाँचीवरचाच एक खलाशी, लवूपेक्षा दहा वर्षांनी लहान. लवू किनाऱ्यावरच्या शेडमध्ये फाटकी जाळी सांधायला बसला. दोन भावांत त्यावरून भांडण झालं नाही. गणपतीला एकाच घरात आरत्या व्हायच्या, गुरुदास चांगला मासा आला की लवूकडे पाठवायचा. आणि म्हणूनच ते जास्त बोचायचं. कडकडून भांडण झालं असतं तर दोघांनाही शिव्या देऊन मोकळं होता आलं असतं. इथे गुरुदासच्या लेखी काही झालंच नव्हतं, आणि लवू रोज सकाळी जाळं मांडीवर घेतलं की ते वाक्य पहिल्यापासून ऐकायचा.

मग सुरू झाल्या तपासण्या. एक्स-रे नॉर्मल. सोनोग्राफी नॉर्मल. तोंडातून नळी घालून जठर बघितलं, तेही नॉर्मल. जंतांचं औषध झालं, आम्लपित्ताचं झालं, एकाने क्षयाची शंका काढून सहा महिने गोळ्या चारल्या. त्यांनी लघवी लाल झाली, बाकी काही झालं नाही. एका डॉक्टरने आनंदीला बाजूला घेऊन विचारलं, घरात काही कटकट आहे का. देवाला गाऱ्हाणं घालून झालं, नारळ ठेवून झाला, आणि त्या दिवशीच्या प्रसादाच्या जेवणानंतर लवू देवळाच्या मागे जाऊन लोळला.

यातली गंमत अशी, आणि ती कळली तेव्हा लवूला हसावं की रडावं समजेना, की पहिल्याच रक्ततपासणीच्या वेळी कोणीतरी त्याला सांगितलं होतं, उपाशी पोटी या. आमच्याकडच्या माणसाला एकदा असं सांगितलं की तो नियम होतो. त्यानंतर कुठल्याही डॉक्टरकडे ठरवून जायचं म्हटलं की लवू आदल्या संध्याकाळपासून अन्नाला शिवायचा नाही. देवाकडे जातात तसा सोवळ्याने जायचा. आणि रिकाम्या पोटात ती कळ कधी येतच नसे. आठ वर्षं सगळ्यांनी त्याचं पोट तपासलं ते रिकामं.

त्या अकराव्या फेरीनंतर त्याने हट्ट धरला. दोन महिन्यांनी पुन्हा कळ आली तेव्हा जीपमध्ये बसता बसता त्याने ड्रायव्हरला बजावलं, गाडी अगदी सावकाश ने, एकही धक्का बसता कामा नये, मला डॉक्टरपुढे दुखत असताना जायचं आहे. ड्रायव्हरने आनंदीकडे बघितलं. आनंदीने मान डोलावली. जीप बैलगाडीच्या चालीने निघाली. लवू एका तासाच्या जागी दोन तास कळा सोसत, घामाने भिजत, पण मनातून खूश होत चालला. आणि कणकवलीत दवाखान्याच्या दारात, जीपमधून उतरून चढताना, पायरीवरून त्याचा पाय घसरला. एकच धक्का बसला. लवू तिथेच पायरीवर बसून राहिला आणि मोठ्याने रडला. आतून कंपाउंडरने डोकावून विचारलं, काय होतंय. काही होत नव्हतं, म्हणूनच तो रडत होता.

आनंदीने त्याला उठवलं आणि त्याच जीपमध्ये परत बसवलं. तशी ती बोलायचीच कमी. पण लवूला एवढं पक्कं ठाऊक होतं की अख्ख्या देवगडात एका आनंदीला त्याच्या दुखण्याची कधी शंका आली नाही. तिने कधी विचारलं नव्हतं, खरंच का दुखतं म्हणून. जीप बोलावणारी तीच, ओकारीचं घमेलं धरणारी तीच. सगळं जग एका बाजूला आणि आनंदी आपल्या बाजूला, या एका गोष्टीवर त्याने ती आठ वर्षं काढली होती.

पुढच्याच महिन्यात, फेब्रुवारीत, जामसंड्याच्या शाळेत आरोग्य शिबिर भरलं. कोल्हापूरहून डॉक्टर आले होते. लवू जायला तयार नव्हता. आनंदीने पिशवी घेतली आणि चपला घालून दारात उभी राहिली, तेव्हा तो उठला.

पाढ्यांच्या तक्त्याखाली एक सर्जनबाई बसल्या होत्या, पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर चढवलेल्या. लवूने पिशवी पुढे केली. बाईंनी ती घेऊन बाकावर ठेवली आणि उघडली नाही. लवूच्या मनात आलं, झालं, हीसुद्धा त्यातलीच.

“दुखणं थांबतं कधी?” बाईंनी विचारलं.

लवू गडबडला. कधी सुरू होतं, कुठे दुखतं, किती दुखतं, हे सगळ्यांनी विचारलं होतं. थांबतं कधी हे आठ वर्षांत कोणी विचारलं नव्हतं. तो सांगायला लागला आणि सांगता सांगता कधी मालवणीवर घसरला त्याचं त्याला कळलं नाही. बंदराच्या तोंडाशी लाँच हेलकावते तेव्हा. शिरगावच्या वळणांवर. ओणवा होऊन डोकं खाली घातलं की. दवाखान्याच्या पायरीवर. बाई हसल्या नाहीत. पोटभर जेवल्यावर होतं का, हे त्यांनी विचारलं, आणि उपाशी पोटी तपासायला जायची गोष्ट ऐकून मात्र कपाळाला हात लावला.

मग त्यांनी समजावून सांगितलं. पोटातली आतडी एका पडद्याला टांगलेली असतात. एखाद्याच्या त्या पडद्यामागे जन्मापासून एक भोक, एक खिसा राहून जातो. भरलेलं आतडं त्यात शिरतं, अडकतं, आणि हलल्या-वाकल्यावर निसटून बाहेरही येतं. बाहेर आलं की फोटोत काय दिसणार? तुमच्यासारखंच काहीसं वाटतंय, म्हणाल्या. पण खात्रीने बघायचं तर दुर्बिणीने आत बघावं लागेल. पोट फाडायचं नाही. बेंबीपाशी एक छिद्र, त्यातून कॅमेरा, बाजूला बोट जाईल अशी आणखी दोन-तीन. भोक सापडलं तर तिथल्या तिथे शिवून टाकता येईल.

“पण माझं दुखणं तुमच्याकडे येईपर्यंत जाणार,” लवू म्हणाला.

“जाऊ दे. आतडं जागेवर जात असेल. ते ज्या भोकातून शिरतं ते भोक कुठे जाणार आहे?”

लवूला ती बाई एकदम आपल्या माणसासारखी वाटली. पण लगेच त्यांनी पुढचंही सांगून टाकलं, की आत काहीच सापडणार नाही असंही होऊ शकतं, तेवढी तयारी ठेवा.

ते एक वाक्य लवूने जामसंड्याहून घरी आणलं आणि तीन आठवडे उशाशी घेऊन झोपला. काहीच सापडलं नाही तर? आतापर्यंत निदान एवढं म्हणता येत होतं की आतड्यांचे फोटो बाहेरूनच काढलेत. आता कॅमेराच आत जाणार. तोही नॉर्मल म्हणाला तर गुरुदासचं वाक्य कायमचं खरं होणार होतं. मग लवूलाही ते मान्य करावं लागलं असतं.

ऑपरेशनसाठी कोल्हापूरला निघाला तेव्हा करूळ घाट तो कळ नसतानाच चढला. कोल्हापुरात सकाळी हिरवा गाऊन घालून त्याला ढकलगाडीवर झोपवलं. शेजारच्या गाडीवरचा म्हातारा देवाला म्हणत होता, सगळं ठीक निघू दे. लवूने डोळे मिटले आणि मनात म्हटलं, कुणकेश्वरा, माझ्या पोटात कायतरी वायट गावू दे.

शुद्धीवर आला तेव्हा घसा कोरडा पडला होता. पहिला शब्द त्याने उच्चारला तो, “गावला?”, म्हणजे सापडलं का. नर्स कोल्हापूरची. तिला वाटलं, हा गावाला जायचं म्हणतोय. आठ दिवसांनी, ती म्हणाली आणि सलाइन बघून गेली.

संध्याकाळी सर्जनबाई आल्या. केसपेपरच्या पाठीवर पेनने चित्र काढून त्यांनी दाखवलं. डाव्या बाजूला, पडद्यामागे, चांगला मूठ जाईल असा खिसा होता. “आत्तासुद्धा हातभर आतडं त्यात बसलेलं होतं, रिकामं म्हणून दुखत नव्हतं. ओढून बाहेर काढलं आणि तोंड शिवून टाकलं. एखाद्या वेळी पीळ बसला असता ना, तर तुम्ही वाटेतच गेला असता.”

“म्हणजे खोटं नव्हतं?”

“काय?”

“माझं दुखणं.”

बाईंना प्रश्नच कळला नाही. “खोटं कसं असेल?” त्या म्हणाल्या, इतक्या सहज, की लवूला हुंदका आला. हुंदक्याने टाके ओढले गेले, म्हणून तो पोट दाबून रडला. आनंदी खिडकीशी उभी होती. ती बाहेर बघत राहिली.

ऑपरेशन सगळं कॅमेऱ्यात टिपलेलं होतं. असा रोग क्वचित दिसतो, म्हणून बाईंना ते पुढे डॉक्टरांच्या सभेत दाखवायचं होतं. लवूने त्याची एक सीडी मागितली. पेशंट सहसा मागत नाहीत, बाई म्हणाल्या, तुम्हाला कशाला हवी? “भावाक दाखवूची आसा,” लवूने सांगितलं. शुद्ध बोलायचं भान राहिलं नाही.

देवगडला आल्यावर तो बरोबर चोवीस दिवस थांबला. हलकं खा, असं तेवढेच दिवस सांगितलं होतं, आणि पेज पिऊन आलेल्या माणसासारखं त्याला भावापुढे बसायचं नव्हतं. हापूसचे दिवस होते. जामसंड्याच्या रस्त्यावर पेट्यांनी भरलेले ट्रक लागले होते. पंचविसाव्या दिवशी रविवारी सकाळी, इंजिनच्या कामासाठी गुरुदासची लाँच धक्क्यालाच होती तेव्हा, लवू सीडी शर्टाच्या आत घालून त्याच्या घरी गेला. सत्यवान आणि जुना खलाशी धोंडू तिथेच चहा पीत होते. लवूला ते बरंच वाटलं. साक्षीदार हवेच होते.

टीव्हीवर आधी नुसतं तांबूस काहीतरी चमकत राहिलं. मग ते हललं. धोंडूने विचारलं, हे तूच कशावरून? लवूने कोपऱ्यात आलेली तारीख दाखवली. मग ते भोक दिसलं. काळं, गोल, कडा अगदी साफ. दोन चिमटे आले आणि त्यांनी भोकातून आतडं ओढायला सुरुवात केली. ओढत राहिले, ओढत राहिले, आणि ते येतच राहिलं. जन्मभर समुद्रातून दोर ओढणारी माणसं ती, चिमटेही आपल्यासारखंच हात बदलून ओढतात हे त्यांना बरोबर कळत होतं. शेवटी सुई आली, भोकाचं तोंड शिवलं गेलं, आणि सत्यवान हळूच म्हणाला, गाठ बरी बसली. लवू जाळी सांधणारा. त्यालाही ती आवडली होती.

पडदा निळा झाला. लवू गुरुदासच्या तोंडाकडे बघत होता. आठ वर्षं त्याने हा क्षण मनात इतक्या तऱ्हांनी घडवला होता, की आता कुठली तऱ्हा खरी होते एवढंच बघायचं बाकी होतं.

गुरुदासने मांडीवर थाप मारली. “मी आधीच म्हणी होतंय, ह्याच्या पोटात कायतरी आसा म्हणान.”

“आमका सगळ्यांकाच ठावक होता,” धोंडू म्हणाला.

लवूला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. “दादा,” तो म्हणाला, “धक्क्यार तू माका काय म्हटलंस, ता आठवता?”

“खंयच्या धक्क्यार?”

“आळस भरलो आसा म्हणालंस. सगळ्यांच्या समोर.”

गुरुदास आठवायला लागला. मनापासून आठवत होता, तोंडावर दिसत होतं. लबाडी नव्हती त्यात, तेवढी तरी असती तर बरं झालं असतं. “मी?” तो म्हणाला. “मी असा कित्या म्हणान?” मग त्याने धोंडूकडे बघितलं. धोंडूने खांदे उडवले. लवूने जे वाक्य आठ वर्षं जपलं होतं, ते बोलणाऱ्याने आठ दिवसही ठेवलं नव्हतं. गुरुदास उठला, त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि म्हणाला, आता बरा झालास ना, गणपतीनंतर लाँचीवर ये, तांडेल तूच, सत्यवानाचं बघू काहीतरी. अगदी प्रेमाने म्हणाला. सत्यवान चहाच्या रिकाम्या कपात बघत बसला. त्याची दोन पोरं शाळेत जात होती. लवू म्हणाला, बघूया. सीडी काढून घेतली आणि निघाला.

घरी येईपर्यंत त्याचा संताप टाळूला पोचला होता. भांडायचं तर समोर कोणीतरी उभं तरी राहायला हवं. इथे सगळा गाव म्हणे पहिल्यापासून त्याच्याच बाजूला उभा होता. आनंदी विळीवर सुरमई कापत होती. आज त्याचं पहिलं पोटभर जेवण. तो तिच्यासमोर येरझाऱ्या घालत बोलत सुटला. दादा असा म्हणाला, धोंडू तसा म्हणाला, एकजात खोटारडे, एकाने म्हणावं ना की लवू, चुकलो. बोलून बोलून दमला तेव्हा खाली बसला.

“तू एकटीच होतंस गो,” तो म्हणाला. “तुझो एकटीचो माझ्यार विश्वास होतो.”

आनंदीचा हात थांबला. तिने तुकडे धुतले, मीठ लावलं, विळी आडवी केली.

“माझो खंय होतो?” ती म्हणाली.

लवूला वाटलं, चेष्टा करते आहे. ती चेष्टा करणारी बाई नव्हती.

“पयली दोन वर्सां होतो. मगे नाय. शिरगावाक पावला की तुमी उठान बसी होतास. चाय मागी होतास. माका वाटला, भावोजी म्हणतत ताच खरा. मगे माका कधीच खरा वाटूक नाय.”

“कधीच?”

“नाय.”

गुरुदासचं वाक्य धक्क्यावर ऐकलं तेव्हाही त्याला असं पोकळ वाटलं नव्हतं. तेव्हा निदान घरी यायला जागा होती.

“मगे जीप कित्या करी होतंस?” त्याचा आवाज चढला. “इतकी वर्सां घमेला धरून कित्या बसी होतंस? नाटक बघूक?”

“तुमी जमनीर लोळी होतास,” आनंदी म्हणाली. “तेव्हा खरा काय खोटा, ता कोण बघीत बसतला?” आणि पातेलं चुलीवर ठेवता ठेवता तिने विचारलं, “तांदूळ किती घालू?”

लवू उठून मागीलदारी गेला. माडाला टेकून उभा राहिला. राग आणायचा त्याने प्रयत्न केला, आला नाही. आला तो निराळाच कसलातरी गहिवर, त्याचाही त्याला राग आला. ज्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं त्यांतला एकही जण जीपमध्ये त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला नव्हता. आणि ही, हिला वाटत होतं की नवरा सोंग करतो, आणि तरी ही प्रत्येक खेपेला चपला घालून दारात उभी. सोंग करणाऱ्यासाठी ड्रायव्हरला सावकाश चालव म्हणून मान डोलावली हिने. तिला तेव्हा काय वाटलं असेल, हे त्याने आठ वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. स्वतःचं पोट धरून बसलेल्या माणसाला दुसऱ्याचं काय दिसणार? आमटीचा वास आला तेव्हा तो आत गेला.

तिने ताट वाढलं. भाताचा ढीग, वर सुरमईची आमटी, तळलेला तुकडा, सोलकढी. लवू पहिला घास घेताना घाबरला होता, दुसरा घेताना नव्हता. दोनदा भात मागून घेतला. चोवीस दिवस हलकं खाऊन काढलेला माणूस, ताट निपटून खाल्लं आणि भिंतीला पाठ टेकून बसला. आनंदीही जेवली. मग मात्र ती उठली नाही. ताटं तशीच, आमटीचे हात वाळत चाललेले, आणि ती त्याच्यासमोर मांडी घालून बसून राहिली.

शेजारच्या जानकीने कुंपणावरून हाक मारली, भाजीच्या कोवळ्या फणसाची कुवरी सोलायला येतेस ना. “येतंय, जरा रव,” आनंदी म्हणाली आणि जागची हलली नाही.

ती घड्याळाकडे बघत होती. लवूच्या ते उशिरा ध्यानात आलं. जेवल्यावर किती वेळाने कळ येते हे त्याने तिला कधी सांगितलं नव्हतं. त्याने स्वतःही ते कधी मोजलं नव्हतं, कळेच्या वेळी घड्याळ बघायचं कोणाला सुचतं? तोही मग घड्याळाकडे बघायला लागला. बाहेर जानकीने आणखी एकदा हाक मारली आणि कंटाळून गेली. जेवून झालं तेव्हा बारावर असलेला मोठा काटा सहा ओलांडून गेला, सातावर आला, आठाच्या जवळ पोचला.

आनंदीने एकदा त्याच्या तोंडाकडे नीट बघितलं. मग ती उठली, त्याच्या ताटात आपलं ताट ठेवलं आणि घासायला मागीलदारी घेऊन गेली.